सुमिएबाई आणि फोडणीचा वास

सुमिएबाईंचं बटणांचं दुकान ओसाकातल्या आमच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. यजमान गेल्यापासून दुकान, टीव्हीवरचं बेसबॉल आणि पातीच्या कांद्याच्या भावावरून भाजीवाल्याशी भांडण, एवढाच त्यांचा दिवस. आवडता संघ हरला की टीव्हीला अशा शिव्या देतात, की दारातलं गिऱ्हाईक आल्या पावली परत फिरतं. शिकायला आले तेव्हा त्यांच्या दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली. विद्यापीठाजवळ इतकी स्वस्त खोली दुसरी नव्हती. ती गेली असती, तर शिक्षण गुंडाळून मला कराडला परतावं लागलं असतं.

एवढी सडेतोड बाई रोज समोर असताना कुणालाही अक्कल आली असती. पण मी पुण्याहून शिकून आले होते ना! जपानीच्या वर्गात माझा पहिला नंबर. 'जपानी माणसाचं मन' या विषयावर मी तिथे भाषणसुद्धा ठोकलं होतं. जपानी माणूस पोटातलं ओठावर आणत नाही. शेजारी तुमच्या पेटीवादनाचं कौतुक करू लागला, तर त्याची झोप उडाली आहे असं समजावं, वगैरे. टाळ्याही पडल्या. जपान तोवर मी नकाशातच पाहिलेला.

एका संध्याकाळी मी आमटीला लसणाची फोडणी दिली. दुसऱ्या दिवशी सुमिएबाई जिन्यात भेटल्या आणि नावाला लाडाचं 'चान' जोडून म्हणाल्या,

"काल काय केलं होतंस गं, मुक्ता-चान? काय चांगला वास सुटला होता! पार गल्ल्यापर्यंत आला!"

झालं. मला माझं भाषण आठवलं. गल्ल्यापर्यंत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकापर्यंत. मी कमरेत वाकून माफी मागितली, मिठाईचा खोका नेऊन दिला आणि फोडणी कायमची बंद केली. गार भाताचे विकतचे गोळे गिळायचे आणि आपण किती समजूतदार, म्हणून स्वतःवरच खूश व्हायचं, असं चाललं होतं.

काही आठवड्यांनी त्यांनी विचारलं, "हल्ली काही करत नाहीस वाटतं?"

"छे छे, अजिबात नाही!" मी अभिमानाने सांगितलं.

त्यांचा चेहरा पडला. हे खास जपानी समाधान असावं, असं मी ठरवून टाकलं.

मार्चमध्ये भाडेकरार संपत आला, तेव्हा त्या वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"खोली सोडणार आहेस का गं?"

मी विचारलं, "तुम्ही सोडायला सांगताय?"

"मी? मी कधी सांगितलं?"

"वास येतो म्हणालात ना!"

"चांगला वास येतो म्हणाले! चांगला म्हणजे चांगला! आम्ही काय क्योटोचे आहोत, मनात एक आणि तोंडावर एक?"

आता मलाही राग आला. "मग मी बंद केलं तेव्हा बोलला का नाहीत? वाटीभर दे म्हणायचं!"

टीव्हीला न भिणारी ती बाई पहिल्यांदाच चाचरली. मग खाली बघत म्हणाली, "खायला कसं मागायचं गं? मला वाटलं, म्हातारी सोकावेल, रोज वाटी घेऊन दारात येईल, म्हणून तू चूलच बंद केलीस. हे गेल्यापासून एकटीसाठी रांधावंसं वाटत नाही. तुझी फोडणी पडली की भूक तरी लागायची. भात लावायचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जपानी मनावर भाषण देणाऱ्या मला, ही बाई खाली संध्याकाळी काय खाते, असं विचारायचं एकदाही सुचलं नव्हतं. त्यांना आत बसवलं, डाळ शिजवली आणि दुप्पट लसूण घालून फोडणी दिली. वाफाळती वाटी पुढे ठेवली.

एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

मी अर्थ लावत बसले नाही. मीठ घातलं.