अण्णाच्या विमानाचे सोळा तास

भूगोलात मी वर्गात पहिली होते आणि हे अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. त्यामुळे थोरला भाऊ, अण्णा, शिकायला मुंबईहून लंडनला विमानाने निघाला, तेव्हा तो किती वाजता उतरेल हे मीच सांगायचं ठरलं. कुंभकोणमच्या घरात मागे आम्ही दोघीच, आई आणि मी. मोगरा ओवायचा केळीच्या सोपटाचा धागा मी नकाशावर ताणला. साडेचार हजार मैल! छापील वेळापत्रकात मुंबई रात्री आठ, लंडन दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. झाले सोळा तास.

"मद्रासला जाऊन परतायला लागतात तितकेच?" आईचा विश्वास बसेना.

आमच्यात माणूस पोचेपर्यंत घर झाडत नाहीत, डोक्यावरून न्हात नाहीत. आईने आपली भर घातली. "त्याचे पाय भुईला लागेपर्यंत मज अन्न नोको." तापातून उठून तिला आठवडाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भिंत धरून चालताना पाहून मी सारखी घड्याळाकडे बघत होते.

बाराचा ठोका पडला आणि मी ओरडले, "उतरला!" तिने देवाला हात जोडले, रसमभात खाल्ला, वर कॉफी घेतली. मला कोण आनंद झाला!

मग वेळापत्रकाची घडी घालताना तळाची बारीक ओळ दिसली. सगळ्या वेळा त्या त्या गावच्या होत्या. लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, हे परीक्षेत मीच लिहिलं होतं. अण्णा अजून आभाळात होता आणि आईचा नेम मी मोडला होता.

सांगावं तर ती कोसळेल, न सांगावं तर अण्णाचं काही बरंवाईट झालं तर? तिचा उरलेला उपास मीच धरला. पोट दुखतंय म्हणाले. विहिरीपाशी गेले, परत आले, ओसरीवर बसले, उठले. साडेपाच वाजून गेले तरी धीर होईना. तारेशिवाय घास घ्यायचा नाही, असं मनाशी ठरवलं. स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तार आली. सुखरूप पोचला. मी मोठ्याने वाचली आणि रडू फुटलं.

आईने पान मांडलं, एकच. "बैस. काल दुपारपासून तुज्या पोटात काही नाही."

"तुला ठाऊक होतं?"

"तू जेवली नाहीस, तेव्हाच अस्कं कळलं, सगळंच. तो अजून वरच आहे, हेही."

"मग विचारलं का नाहीस?"

भात वाढता वाढता तिचा हात थांबला. "विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस. मग उरलेला उपास मज धरावा लागला असता."