गणपतरावांचा बॅकहँड

"एका ओळीत गुण लिहा, एका ओळीत दोष," असं सांगून देवासचे सरदारसाहेब टांग्यात बसले.

मी धारच्या क्लबचा सेक्रेटरी. आमचे मार्कर गणपतराव रिटायर होत होते आणि सरदारसाहेबांना मुलासाठी टेनिसचा मास्तर हवा होता, म्हणून गणपतरावांवर माझा रिपोर्ट मागितला होता. मार्कर म्हणजे क्लबचा पगारी खेळाडू. सभासदाला जोडीदार मिळाला नाही की तो खेळायला उभा राहतो.

गणपतरावांची लेक देवासलाच दिलेली. बायको गेल्यापासून ते हातानं करून खात होते. ही नोकरी लागली तर नातवंडांत राहता येणार होतं. "साहेब, जरा बघून लिहा," एवढंच म्हणाले.

गुण सोपे होते. सर्व्ह, म्हणजे डाव सुरू करायचा फटका, असा की समोरचा बघतच राही. दोष एकच, बॅकहँड. डाव्या अंगाला आलेला चेंडू शेवटच्या पॉइंटला हमखास जाळीत. लिहायला बसलो आणि अडलो. पहिल्या पॉइंटला हाच बॅकहँड रेषेवर कसा पडायचा?

मग उलगडलं. सभासदाला हरवायचं नाही, ही मार्करची रीत. तर मग याला दोष म्हणायचं की गुण? माझं डोकंच चालेना. मुद्दाम हरायचं नाही, असं त्यांना बजावून मी स्वतः खेळलो. शेवटचा चेंडू जाळीत. चिडून क्लबच्या माळ्याला उभं केलं. त्याला धड रॅकेट धरता येईना. त्याच्यासमोरही जाळीतच!

"गणपतराव, मुद्दाम करता ना?"

ते रॅकेटकडे बघत राहिले. "पहले मुद्दाम करत होतो, साहेब. अब मलाच समजत नाही."

मला फार वाईट वाटलं. गुण भरभरून लिहिले, दोषाची ओळ कोरी सोडली. नोकरी लागली.

पुढच्या हिवाळ्यात सरदारसाहेबांनी देवासला खेळायला बोलावलं. पोरगा तयार झाला होता, माझी दमछाक केली त्यानं. शेवटच्या पॉइंटला चेंडू त्याच्या बॅकहँडला गेला आणि थेट जाळीत.

सरदारसाहेब खूश. पाहुण्याचा मान राखायलाही मास्तरांनी शिकवलं, म्हणाले. मी गोंधळून गणपतरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

पोरगा रडवेला होऊन त्यांच्याजवळ गेला. "मास्तर, मी तर जिंकायलाच मारला होता."

तेव्हापासून रिपोर्ट लिहिताना एक पाळतो. दोषाची ओळ कोरी सोडत नाही. आपण नाही भरली तर दुसरं कुणीतरी भरतं.