मोटारी कवा चालू होतात?

उदगीरला मशीनांचे पॉवर सप्लाय दुरुस्त करणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. तो एका जागी बसत नाही. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करता करता उठतो, बाहेर जाऊन खांबावरच्या विजेच्या तारांकडं बघतो आणि परत येऊन घातलेले वेढे उलगडतो. गिऱ्हाइकाला त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडं शेतातल्या मोटारी कवा चालू होतात?"

आईच्या ऑक्सिजन मशीनचा सप्लाय जळाला तेव्हा मलाही त्यानं हेच विचारलं आणि मी चिडलोच. "त्याचा इथं काय संबंध?"

"वेढे किती घालायचे ते त्याच्यावरच हाय, भाऊ. आउटपुटला कमी घातले तर मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतंय अन् मशीन मान टाकतंय. जास्ती घातले तर मोटारी बंद झाल्यावर व्होल्टेज चढतंय अन् डायोड उडतोय."

सप्लाय बसवायला तो घरी आला. आई सिलिंडरवरून मशीनवर आली, तरी हा मीटर लावून उभाच. मोटारी चालू झाल्या, बल्ब मंदावला. मोटारी बंद झाल्या, बल्ब लखलखला. मशीन चालत राहिलं.

"उन्हाळ्यात एकदा बघून जातो," म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

तेव्हापासून बल्ब जरा मंदावला की मीही हातातलं काम टाकून उठतो आणि आईच्या दारात तिचा श्वास ऐकत उभा राहतो.