टॅब सोवळ्यात गेला

आमच्या घरात टॅब घ्यायचा की नाही यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळी दोन्ही घरं मिळूनसुद्धा झाली नसेल. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात तो कधीचा बसला होता. मोटारपंपाच्या दुकानातून आले की हात-पाय धुवायच्या आधी हे फोनवर टॅबचे व्हिडिओ बघायचे. अमक्याची बॅटरी, तमक्याचा पडदा. माझं म्हणणं सरळ होतं. चालता-फिरता फोन आहे, बसून काम करायला लॅपटॉप आहे. आता आडवं पडून मॅच बघायला तिसरं यंत्र आणायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, उगाच 'घरात सगळ्यांना उपयोगी पडंल' असली भाषा नको. मी बदनापूरच्या एका शाळेत शिकवते. दिवसभर पोरांच्या सबबी ऐकल्यावर नवऱ्याच्या सबबी ऐकायची ताकद माझ्यात उरत नाही.

"अगं, मधल्या मापाचं एखादं लागतंच की," हे म्हणायचे.

"मधल्या मापाचे तुम्ही आहात की घरात. तेवढं बस झालं."

हे असंच चालू राहिलं असतं, पण मधे सासूबाईंचे डोळे आले.

सासूबाई मूळच्या तीर्थपुरीकडच्या. लग्न होऊन जालन्यात, मस्तगडात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. दर श्रावणात आमच्या बाहेरच्या खोलीत दुपारी त्या पोथी वाचतात. गल्लीतल्या बाया कामं आवरून येतात. कुणी वाती वळते, कुणी भिंतीला टेकून नुसती डोळे मिटून बसते. वाचणारी एकच, बाकीच्या ऐकणाऱ्या. पोथी पुढ्यात आली की सासूबाईंचा रोजचा चिरका आवाज कुठं जातो कोण जाणे. गल्लीत त्यांना जो मान आहे तो या एका महिन्याचा, आणि तो त्या उरलेले सगळे महिने पुरवून पुरवून वापरतात.

उन्हाळ्यात त्या ताटातली भाजी बोटांनी चाचपायला लागल्या, तेव्हा आम्ही त्यांना डॉक्टरांकडं नेलं. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. पण डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला होता. चष्म्यानं यापुढं काही होणार नाही, अक्षर खूप मोठं मिळालं तर वाचता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

आषाढ संपत आला तेव्हा कोथिंबीर निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "यंदा पोथी कोपऱ्यावरच्या बाईला देऊन टाकते. तिचा आवाज बरा हे." पानांबरोबर काड्याही भांड्यात पडत होत्या. माझं आणि त्यांचं रोज कशावरून तरी वाजतं, पण त्या दिवशी मी त्या काड्या मुकाट्यानं वेचून काढल्या. पोथी गेली असती तर त्या घरात नुसत्या बसून राहिल्या असत्या, आणि ते मला बघवलं नसतं.

ह्यांनी पोथी फोनवर उतरवून घेतली. त्यांना दिसेल एवढं अक्षर मोठं केलं की पडद्यावर दोन शब्द मावायचे. उरलेली ओवी सरकवून आणेपर्यंत चाल मोडायची. "हे काय वाचणं हे? हे तर डाळीतले खडे वेचणं झालं," म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग लॅपटॉप पाटावर ठेवून पाहिला. त्या मांडी घालून बसणार, पडदा तिकडं लांब आणि मधे कीबोर्ड. वाकलं की पाठ धरायची. शिवाय खरा आक्षेप वेगळाच निघाला. "ज्याच्यासमोर बसून तू आमलेट खातो, त्याच्यात पोथी उघडायची न्हाई," असं त्यांनी लेकाला सुनावलं. आमलेट आमच्या घरात होतच नाही, असं तोवर सगळ्यांनी मिळून धरून चाललेलं होतं.

शेजारच्या खाला आणि सासूबाई एकाच भिंतीच्या दोन बाजूंना म्हाताऱ्या झाल्या. पोथीच्या वेळी खाला आमच्या दाराशी येऊन बसतात, गोष्टीसाठी. पोथीतल्या राणीचं पुढं काय होतं हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, तरी येतात. भिंत पातळ असल्यामुळं आमच्या घरातली कुठलीच भानगड त्यांना सांगावी लागत नाही. दुसऱ्याच दिवशी त्या एक टॅब आणि ग्रंथ ठेवायची लाकडी रिहाल घेऊन आल्या. टॅब पुण्यातल्या मुलीनं पाठवलेला. कुराण त्या त्याच्यावरच वाचतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी रिहाल उघडून सासूबाईंपुढं ठेवली, वर टॅब ठेवला आणि अक्षर मोठं केलं.

"बघा भाभी. दिसून राह्यलं का?"

सासूबाईंना अरबी अक्षरं येत नाहीत. त्या मान जरा तिरकी करून बघत राहिल्या. मग अक्षरांवरचा एकेक ठिपका मोजायला लागल्या.

"वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या, "पण दिसून राह्यलं. समदं दिसून राह्यलं, आपा."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला. मला रडू आलं होतं.

"मंग हाच ठेवा महिनाभर," खाला म्हणाल्या.

"न्हाई. हे तुमच्या पढण्याचं. माझ्या पोथीला माझं लागंल."

"बिलकुल बराबर. मी पण याच्यावर कुणाला गाणं लावू देत न्हाई."

हे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "बघता काय? दुकानं बंद व्हायच्या आत जाऊन या."

इतक्या महिन्यांचा अभ्यास होता, त्यामुळं ह्यांना निवडायला वेळ लागला नाही. दुपारी पोथी आणि संध्याकाळी मॅच असा ह्यांचा हिशोब होता. सासूबाईंनी टॅब ओल्या फडक्यानं पुसला, पाटावर ठेवला आणि हळदीकुंकू वाहिलं. पुढं लावलं तर अक्षर झाकलं जाईल म्हणून मागं लावलं, ते नेमकं कॅमेऱ्याच्या भिंगावर. मग पोथीच्या लाल कापडात गुंडाळून त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला आणि जाहीर केलं की आंघोळ केल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. चार्जिंगसाठी देव्हाऱ्यापर्यंत वायर ओढावी लागली, तीही ह्यांना आंघोळ करून ओढावी लागली. मॅच फोनवरच राहिली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी ह्यांच्यासाठी शिरा केला.

श्रावण लागला तो दिवस शनिवार. सकाळची शाळा आणि मागून एक बैठक आटोपून मी बसनं घरी पोचले, तेव्हा वाचन सुरू झालं होतं. मी दाराशी खालांजवळ टेकले. सासूबाईंचा आवाज छान लागला होता. पहिलं पान संपलं आणि घोटाळा झाला. पोथीची पानं सुटी असतात. वाचून झालेलं पान दोन्ही हातांनी अलगद उचलून पलीकडं पालथं ठेवायचं असतं. एक बोट सरकवायचं हे लेकानं शिकवलं होतं, पण वाचनाच्या भरात जन्माची सवय पुढं आली. त्यांनी दोन्ही हात टॅबवर ठेवले आणि पान उचलायला गेल्या. एकच अक्षर ताटाएवढं होऊन बसलं. घाईनं पुन्हा हात लावला तर तेही गेलं, नुसता पांढरा पडदा राहिला.

वाती वळणारे हात थांबले. कोपऱ्यावरची बाई नेमकी पुढंच बसलेली. हे दुकानात. मी उठणार तोच लक्षात आलं की मी बसमधून आलेय, आंघोळ झालेली नाही. त्या सोवळ्याचा मला असा संताप आला! पण चारचौघींत त्यांचा नियम मी मोडला असता तर त्यांची काय शोभा राहिली असती? सासूबाईंनी हात मांडीत घेतले. त्यांचा चेहरा उतरला. आता त्या 'तूच वाच बाई' म्हणणार, हे मला दिसत होतं.

"भाभी, घाबरू नका," खाला जागेवरूनच बोलल्या. "एकच बोट. एका जागी दोनदा टकटक करा. जल्दी न्हाई, आरामात. हां. आता तेच बोट सरकवा. कागद न्हाई तो, उचलायचा न्हाई."

सासूबाईंनी तसं केलं. ओळी जागेवर आल्या. त्यांनी घसा साफ केला आणि पुढचं पान घेतलं. आवाज आधी थरथरला, मग सरळ झाला.

अर्धा अध्याय झाला आणि त्या पुन्हा थांबल्या. आता तर हातही लागला नव्हता. मान तिरकी करून त्या एकाच ओळीकडं बघत होत्या.

"बायांनो," त्या म्हणाल्या, "राणी रुसून निघते तवा दारातून एकदा मागं वळून बघते, अशी ओवी हे इथं. ही मी मागच्या साली वाचली न्हाई. त्याच्या मागच्या साली बी न्हाई. तवा मला दिसतच नव्हतं. मी पाठ म्हणून राह्यल्ते, अन् पानं अंदाजानं उलटून राह्यल्ते."

दोन्ही श्रावण मी याच खोलीत बसून ऐकलं होतं.

"मंग आता पढा की ती," खाला म्हणाल्या.

सासूबाईंनी ती ओवी चालीवर वाचली. मग कुणी सांगितलं नव्हतं तरी पुन्हा एकदा वाचली, सावकाश, अक्षर न् अक्षर बघत.