बावखलातली हवाईसुंदरी

वसई स्टेशनजवळ एका मिठाईच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, हवाईसुंदऱ्या तयार करण्याचा क्लास होता. दोन हजार सालानंतर अशा क्लासेसचं पीकच आलं होतं. खाली जिलब्या तळायचे, वर आम्हाला. क्लास चालवणाऱ्या मॅडम स्वतः कधी विमानात नोकरीला नव्हत्या. कुठल्याशा ट्रॅव्हल एजंटच्या काउंटरवर बसून तिकिटं काढून द्यायच्या, एवढीच त्यांची आकाशाशी ओळख. उंटावरून शेळ्या हाकणं मी नुसतं ऐकून होते, ते इथं रोज बघायला मिळालं.

मी पाचूबंदरची. बाबांची होडी, आई मासे विकायची. ही नोकरी मला का हवी होती ते सरळ सांगते. मला पाटी घेऊन बाजारात बसायचं नव्हतं. मी तिथं बसावं असं आईलाही वाटत नव्हतं. एवढ्या एकाच बाबतीत आम्हा दोघींचं पटायचं.

क्लासात काय शिकवायचे? हसायला. वरचे दात दिसले पाहिजेत, खालचे दिसता कामा नयेत. टीव्हीचं चाकांचं स्टँड म्हणजे ट्रॉली, त्यावर थर्माकोलच्या रिकाम्या ताटल्या. त्या आम्ही एकमेकींना वाढायचो आणि 'एन्जॉय युवर मील' म्हणायचो. आचोळ्याच्या, विरारच्या फ्लॅटमधल्या मुली हे इतक्या भक्तिभावाने करायच्या, की आरतीलाही त्या एवढ्या मनापासून उभ्या राहत नसतील. माझ्या शेजारची खुर्ची बहुतेकदा रिकामी असायची. एकीने तर बसताना नाकाला रुमाल लावला होता. मी रोज अंगाला लिंबू चोळून यायचे, आणि आपण ते चोळतो याचाच मला जास्त राग यायचा.

एक दिवस मॅडमनी जाहीर केलं, यंदा मुलाखतीत पोहण्याची परीक्षा घेणार आहेत. पोहता येत नसेल तिचं नाव तिथल्या तिथं कटणार. सगळ्यांचे चेहरे पडले. मॅडम माझ्याकडे वळल्या.

"तुझं बरंय बाबा. तुम्हा कोळी लोकांना काय, जन्मतःच स्विमिंग येतं."

सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत पहिल्यांदाच कुणाला माझा हेवा वाटत होता. मी वरचे दात दाखवून हसले.

आता यातली गंमत अशी, की आमच्याकडे बायका पाण्यात उतरत नाहीत. होडी पुरुषांची, दर्या पुरुषांचा. बाईचं काम किनाऱ्यावर मासळी आली की सुरू. माझ्या आईने समुद्राच्या जिवावर अख्खा संसार केला, पण घोट्याच्या वर पाणी तिला माहीत नव्हतं. पुरुषांतही सगळ्यांना पोहता यायचं असं नाही. "बुरायचंच असल तं पोहून कशाला लांबवायचं," असं बाबा म्हणायचे. पण हे समजायला आधी कुणाला तरी विचारावं लागतं, आणि फ्लॅटमधल्या माणसांना आमच्याबद्दल सगळं आधीच माहीत असतं.

बंदरावर शिकायची सोय नव्हती. कोळ्याची वाढलेली पोरगी पाण्यात हातपाय मारतेय म्हटल्यावर जाळी टाकून अख्खं गाव तमाशा बघायला आलं असतं. शेवटी आईने तोड काढली. भुईगावला तिचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, ख्रिस्ती म्हातारी. तिच्या केळीच्या वाडीत बावखल होतं, गोड्या पाण्याचं तळं. म्हातारी लहानपणी त्यात पोहलेली. आई तिला बोंबील देता देता म्हणाली, "माज्या पोरीला पान्यात घालशील?" म्हातारीने बोंबील निवडून घेतले आणि हो म्हणाली.

मग भर मे महिन्यात आम्ही जायला लागलो. बाबांच्या फाटक्या जाळ्याचे बोये, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे गोळे, दोरीने माझ्या पाठीला बांधायचे आणि मला ढकलून द्यायचं, ही शिकवण्याची पद्धत. म्हातारी काठावर बांबू घेऊन उभी असायची आणि पाय थांबले की बांबूने ढोसायची. आई पाटीशेजारी पाण्याकडे पाठ करून बसायची. तिला बघवायचं नाही.

काही दिवसांनी म्हातारीने बोये सोडले. मी चार हात मारले आणि मधोमध गेल्यावर धीर सुटला. मी किंचाळले आणि नाकातोंडात पाणी गेलं. वर आले तेव्हा दिसलं, की आई लुगड्यासकट पाण्यात आहे. जिला घोट्याएवढं पाणी माहीत नव्हतं तिने उडी टाकली होती, आणि आता ती माझ्यापेक्षा जोरात बुडत होती. म्हातारीने शिव्या घालत बांबू पुढे केला. आधी आईने धरला, मग मी आईला. काठावर आल्यावर आई खूप वेळ खोकत होती. मग म्हणाली, "चल, परत उतर. मी हाय."

मी उतरले. मे संपेपर्यंत बावखल आरपार करायला लागले. पोहण्यात ऐट नव्हती, पण बुडत नव्हते.

क्लासात गेले तर मॅडमनी कपाळाला हात लावला. उन्हाने मी तव्याच्या बुडासारखी झाले होते. "मुलाखत तोंडावर, आणि हे काय करून घेतलंस?" पोहायला शिकत होते हे सांगायची सोय नव्हती, मला तर ते जन्मतः येत होतं. त्यांनी एक पांढरट क्रीम दिलं. ते लावल्यावर मी काळी ती काळीच राहिले, फक्त आजारी दिसायला लागले.

मुलाखत अंधेरीच्या एका हॉटेलात होती. लांबलचक रांग. टेबलामागे तिघं, त्यातल्या एका बाईने मला समोरून पाहिलं, एकदा बाजूला वळायला सांगितलं, माझा हात उलटा करून बघितला आणि शेजारच्याला हळू आवाजात म्हणाली, "स्किन." मग मला थँक यू म्हणाली. माझं नावसुद्धा पुरतं सांगून झालं नव्हतं. त्या हॉटेलात पोहण्याचा तलाव होता की नाही तेही मला माहीत नाही. जिने नाकाला रुमाल लावला होता तिची निवड झाली. तिला पोहता येत नव्हतं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

घरी आले तेव्हा आई मांदेली साफ करत होती. मी सगळं सांगितलं. त्या बाईला, मॅडमना, क्लासला, विमान कंपनीला, सगळ्यांना तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. आई ऐकत होती, हात चालू होते. माझं बोलून संपलं तेव्हा तिने मान वर केली.

"म्हंजे पोहायला सांगितलाच नाय?"

"नाही."

तिने सुरी खाली ठेवली.

"मंग मी कशाला पडले गो पान्यात?"