दिवा विझल्याचा फोटो

माझ्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, म्हणून मी मारतहळ्ळीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या इस्त्रीच्या शर्टवाल्याने स्कॅनर जोडला, बिघाडाचा कोड पुसला आणि विझलेल्या दिव्याचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. वर कानडी ढंगात, "सरी सर, ठीक आहे, झालं काम!" असल्या माणसाच्या हाती थर्मामीटर दिला, तर तो झटकून 'ताप उतरला' म्हणेल. घरी पोचेपर्यंत दिवा परत हजर. असं तीनदा झालं. "एकदा चालवून तरी बघा," म्हटलं, तर म्हणे, "कशाला सर? फोटो पाठवलाय ना."

शेवटी बोम्मसंद्राच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने चिरलेला हवेचा पाइप शोधून बदलला. मी म्हटलं, "आता कोड पुसा." तो चिडलाच. "मी हात लावणार नाही, अण्णा. काम बरोबर झालं असेल तर दिवा आपला आपण जाईल. नाही गेला तर शिव्या द्यायला या."

चौथ्या दिवशी दिवा गेला. सेंटरवाल्याला लाज वाटावी, म्हणून मी त्याला डॅशबोर्डचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "बघा सर, गेला ना? आता आम्हाला दहापैकी दहा गुण द्या."