बोटीवर न चाललेली नोट

आमच्या खानदेशात पाहुणा निघाला की घरातल्या लहान मुलांच्या हातावर पैसे ठेवतो. मूल मूठ मिटून घेतं, त्याची आई नको नको म्हणते, पाहुणा ती मूठ उघडून आत नोट कोंबतो. पैसे घेतल्यावर मूल पाया पडतं. पाहुणा ते परत घेत नाही आणि कोणी परत देतही नाही. लहानपणी मामा निघायचा तेव्हा मी दाराआड लपायची, पण अशी लपायची की त्याला दिसेन.

लग्न होऊन मी सुरतला आले. मालक कापडाच्या लूमवर कामाला होते. गोडादऱ्यात आधी भाड्याची खोली होती, आता त्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर मुलाचा फ्लॅट आहे. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मी घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. मुलाला ते आवडत नाही, पण हात रिकामे असले की मला दुपार जात नाही.

मला दोन नातवंडं आहेत. नात मोठी, सहावीत आहे. नातू दुसरीत आहे. शेजारच्या मुलांचं ऐकून ती मला बा म्हणतात. आपसांत गुजराती बोलतात, आईशी हिंदी. माझ्याशी बोलायचं म्हटलं की त्यांना शब्द शोधावे लागतात, आणि मुळात मलाच बोलायचं सुचत नाही. "जेवलास का?" "हो बा." झालं आमचं बोलणं. पण दिवाळीला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाहीतर कुठे गावाला निघताना मी त्यांच्या हातावर नोट ठेवते, तेव्हा दोघं वाकतात आणि मला त्यांच्या डोक्यावरून हात फिरवता येतो. एरवी त्यांच्या केसांना हात लावायला मला काही कारण नसतं.

पर्वत पाटियाच्या मार्केटात मुलगा ज्या शेठकडे आहे, त्यांनी यंदा आपल्या माणसांना घरच्यांसकट मोठ्या बोटीवर फिरायला न्यायचं ठरवलं. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरून परत यायचं. मुलगा म्हणाला, "माय, तू बी चाल. पोरं सांभाळाले कोनी तरी पाहिजे." म्हणताना तो हसला. मीही हसले. निघायच्या आधी मी खड्यांच्या पैशांतून दोन कोऱ्या नोटा बाजूला काढल्या आणि रुमालात बांधल्या. मुलं पहिल्यांदा पाण्यावर जाणार होती. खाऊला पैसे देण्यासारखं याहून मोठं निघणं कुठलं?

बोट म्हणजे आमच्या अख्ख्या सोसायटीएवढी. चढताना सगळ्यांच्या मनगटात प्लास्टिकचे पट्टे घातले. मुलाने खोलीत मुलांना समोर बसवून नियम सांगितला. जेवणखाण तिकिटातच होतं. आईस्क्रीम, गेमची मशीनं, दुकान, फोटो यांना वेगळे पैसे. ते त्याने दोघांच्या पट्ट्यांत सारखेच भरले होते.

"पट्टा टेकवला की पैसे कटणार. संपले की संपले. घरी जाईपर्यंत एक रुपया मिळणार नाही. रडायचं नाही, पप्पा म्हणायचं नाही."

"मम्मी तरी म्हणायचं ना?" नातवाने विचारलं.

"मम्मीच्या पट्ट्यात पैसेच नाहीत," सून म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आत्याबाई, तुम्ही फक्त लक्ष ठेवा. त्याने हट्ट केला तर सरळ नाही म्हणा."

मी मान हलवली. मुलगा बरोबरच सांगत होता. तो लहान असताना जत्रेत पिपाणीसाठी रस्त्यावर लोळला होता आणि मी त्याला तसाच उचलून घरी आणला होता. नाही म्हणायला तो माझ्याकडूनच शिकला असेल.

बोट सुटली तेव्हा सगळे वर कठड्याशी उभे होते. मुलगा-सून शेठच्या घोळक्यात होती. मी रुमालाची गाठ सोडली. नातवाला आधी जवळ घेतलं. त्याने मूठबिठ काही मिटली नाही, सरळ हात पसरला. नातीने मात्र हात मागे घेतला. "नको बा, राहू दे ना." कुठून शिकली कोण जाणे. मी तिची बोटं उघडून नोट ठेवली. दोघं वाकली. वारा इतका होता की केस हाताला नीट लागलेही नाहीत.

नातवाचा पट्टा संध्याकाळपर्यंत रिकामा झाला. काचेच्या पेटीत लोखंडी पंजा असतो, तो खेळणी उचलतो आणि दर वेळी वाटेत टाकून देतो. त्याला एक निळा मासा हवा होता. पट्टा टेकवला तर लाल दिवा लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला सुनेचं सांगणं आठवलं आणि मी नाही म्हणणार होते, पण तेवढ्यात त्याला खिशातली नोट आठवली. तो काउंटरवर धावला, मी त्याच्या मागे.

"माताजी, यहाँ कॅश नहीं चलता," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. "बँड लगाइए."

नातवाने नोट उलटी करून पुन्हा पुढे केली. मागे रांग होती. कोणीतरी हसलं. "बा, तू कहे ने एने!" नातू माझा पदर ओढत होता. मी काय सांगणार होते त्याला? मी नोटेकडे पाहत उभी राहिले. कोरी होती, कुठे फाटलेली नव्हती.

पट्टा संपल्याचा मेसेज मुलाच्या फोनवर गेला असावा. तो आला, त्याने नातवाला बाजूला घेतलं आणि मग मला हळूच म्हणाला, "माय, आठे पैसा चालतस नही." रागावला नव्हता. लहान मुलाला सांगावं तसं सांगत होता. "आणि चालत असते तरी तू द्यायचे नव्हतेस. मी त्याला शिकवतोय ना काहीतरी? मग तू मागून दिलेस तर तो काय शिकेल?"

"मी आधीच दिले होते. निघताना," मी म्हणाले.

"निघताना म्हणजे?"

त्याला खरंच कळलं नाही. त्याच्या हातावरही कितीतरी पाहुण्यांनी ठेवले असतील. मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलांबरोबर कमी फिरले. लक्ष ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. नातवाकडे पैसे नव्हते, आणि नात स्वतःच प्रत्येक वस्तूची किंमत वाचून ती जागच्या जागी ठेवत होती. मी वर एका खुर्चीवर बसले. चारी बाजूंना पाणीच. आधी वाटलं होतं, समुद्र पाहून जीव हलका होईल. पण पाण्यात बघायला काही नसतं. गॅलरीत बसलं की खाली भाजीवाला दिसतो, टेम्पोत साड्यांचे गठ्ठे चढवणारी पोरं दिसतात. इथे कोण दिसणार? आजूबाजूला सगळे फोटो काढत होते. एका बाईने मला थोडं सरकायला सांगितलं, फोटोत येत होते म्हणून.

चहाची मला सवय. जेवणाच्या हॉलमधला चहा ठरल्या वेळेलाच मिळायचा. मध्ये हवा असेल तर ठेल्यावर विकत. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण नात कुठूनशी आली, हातात कागदी कप.

"बा, पी."

"कोणी दिला?"

"मीच. बँडने." तिने मनगट दाखवलं. "तू सकाळपासून चहाच्या ठेल्याकडेच बघतेयस. म्हटलं, हिला चहा हवाय."

मुलीच्या जातीकडून आपण घ्यायचं नसतं, तिला द्यायचं असतं, असं माझ्या आईने मला शिकवलं. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं आणि जे होतं ते या बोटीवर चालत नव्हतं. मी कप घेतला. म्हटलं, बस ना. ती खुर्चीच्या कडेला टेकली. मला वाटलं काही बोलावं, शाळेचं विचारावं. शब्द जुळवेपर्यंत तिच्या मैत्रिणींनी हाक मारली आणि ती पळाली. चहा चांगला होता, साखर जास्त होती. मी तो अगदी सावकाश प्यायले.

उतरायच्या दिवशी सगळे बॅगा घेऊन खोलीबाहेर उभे होतो. नातू माझ्यापुढे आला आणि त्याने ती नोट पुढे केली. घामाने मऊ झाली होती.

"बा, ले. काही कामाची नव्हती."

मी मागे सरले. "राहू दे. तुला दिलीय."

"पण मम्मीने सांगितलं."

"हो आत्याबाई, तुमच्याकडेच ठेवा," सून म्हणाली. "हा पाडेल कुठेतरी. तुमच्या कष्टाचे पैसे आहेत." ती चांगल्या मनानेच म्हणाली. तिच्या माहेरी कदाचित अशी रीत नसेल, किंवा असेल आणि विसरली असेल. नातू हात पुढे करून उभाच होता, लोक आम्हाला वळसा घालून जात होते. मी नोट घेतली. त्याने पाया पडायचा प्रश्नच नव्हता. घेतली मी होती.

"दीदी, तू पण दे," सून नातीला म्हणाली.

नात बॅगेच्या चेनशी खेळत होती. "माझी हरवली."

"हरवली? कुठे?"

"माहीत नाही."

"बघा! भाऊ सांभाळतो आणि मोठी असून हिला कळत नाही." सून बरंच काही बोलली. नातीने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी म्हटलं, जाऊ दे गं, माझीच चूक, बोटीवर द्यायलाच नको होती.

घरी आल्यावर मुलाने तोच नियम घरातही लावला. आता दर महिन्याला मुलांचे पैसे फोनमध्ये जमा होतात. दोघं त्यातून खर्च करतात, आणि पूर्वीपेक्षा विचार करून करतात. मुलाचं म्हणणं खरं ठरलं. खाऊला पैसे दे म्हणून आता घरात कोणी मागत नाही.

नातवाची नोट माझ्या डब्यात आहे. आखाजीला तीच त्याच्या हातावर ठेवायचं ठरवलं आहे. घेईल की आईकडे बघेल, ते तेव्हा कळेल.

नातीच्या नोटेचं मी विचारलेलं नाही. तिचे कपडे मीच घड्या करून ठेवते, दप्तर खाटेवरून मीच उचलते. बोटीवर घातलेली तिची पँट परवा हातात आली, तेव्हा तिचा खिसा थोडा फुगलेला वाटला. रुमाल असेल, कागद असेल. मी हात घातला नाही. ती पँट तशीच घडी करून तिच्या कप्प्यात अगदी खाली ठेवली आणि खडे घेऊन बसले.